शालूबाईचं माप

"बाई माप द्याले उभी राह्यली का तिच्या तोंडाकडे पाहू नको. टेपाकडे पाह्य. मंग ती मोकळी होते."

मित्रांनो, तानाबाईंनी आपल्या नव्या सुनेला, समताला हे सांगितलं तेव्हा मी खिडकीपाशीच होते. मी सुलतानपूरच्या या घरातली जुनी, पायानं चालवायची शिलाई मशीन. मेहकरच्या दुकानातून जीपच्या टपावर बसून इथे आले, तेव्हा माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. तानाबाईंनी आधी बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले आणि मगच माझ्यावर पहिली टीप मारली.

तानाबाई गेल्या आणि समता माझ्यापुढे बसू लागली. सकाळची वंदना झाली की अंगण, चहा आणि मग मी, असा तिचा नेम. गावातल्या बाया ब्लाऊजपीस घेऊन यायच्या. माप देताना हलता येत नाही, म्हणून की काय, बाईचं मन बोलू लागतं. कुणाचं माहेर, कुणाची सासू, कुणाचं राहूनच गेलेलं काही. समता टेपाकडे बघत नुसतं "हं" म्हणायची. मीही सारं ऐकलं आणि माझ्या चाकाच्या आवाजात जिरवलं.

काम नसलं की समता मोबाइलवर प्रेमकथा वाचायची. एकदा तिनं स्वतःच एक लिहिली आणि वाचनाच्या अ‍ॅपवर टाकली. "ताई, पुढचा भाग कधी?" असं कुठून कुठून लोक विचारू लागले. भागांची कादंबरी झाली, एकीच्या चार झाल्या. मग लोणारच्या छापखान्यातून ती आपली पुस्तकं आपणच छापून आणू लागली. पाकिटं तीच बांधायची, पत्ते तीच लिहायची, पोस्टात नेऊन तीच द्यायची. मध्ये प्रकाशक नव्हता.

तिचा नवरा संघपाल जेवायला बसला की म्हणायचा, "लेखिकाबाई, भाजी भेटली. पोळी पुढच्या भागात हाये का?"

शेवटी समतानं ठरवलं की आता हेच पूर्णवेळ करायचं. दारावरची 'लेडीज टेलर' ही पाटी तिनं काढली. शेजारच्या गल्लीतली तिची मैत्रीण शालूबाई आली आणि पाटीची रिकामी जागा बघत राहिली.

"मंग आता मी जीवाचं कोणाले सांगू वं? तुह्या मोबाइलले?"

दोघी पोटभर हसल्या. त्याच दिवशी समतानं माझं डोकं खाली दुमडून पोटात घातलं, वरून फळी टाकली आणि फळीवर लॅपटॉप ठेवला. मशीन होते ती मी टेबल झाले. वाईट वाटलं, पण तिचं नाव होतंय म्हणून सोसलं.

पूर्णवेळ लिहिणं म्हणजे रोजचा भाग रोज. चुकला तर वाचक दुसरीकडे जातो. त्यात माप द्यायला आता कुणी येत नव्हतं, म्हणून घरात कुणाचा नवा शब्द पडत नव्हता. समता तासन्‌तास बसून राही, फळीवर बोटं वाजत नसत. अशाच एका कोरड्या दुपारी तिनं शालूबाईची गोष्ट लिहायला घेतली.

शालूबाई लग्नाआधी मेहकरला शिकायला जायची. परतीच्या एस.टी.त एक मुलगा खिडकीतून दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकून तिच्यासाठी जागा धरायचा. बोलणं कधीच झालं नाही. पण तो डोणगावला उतरायचा, म्हणून तीही आपल्या फाट्यावर न उतरता डोणगावपर्यंत जायची आणि शेतातून मागं चालत घरी यायची. हे तिनं आयुष्यात फक्त समताला सांगितलं होतं, माप देताना.

समतानं नाव बदललं, गाव बदललं. ते मागं चालत येणं मात्र तसंच ठेवलं, कारण गोष्टीचा जीव त्यातच होता.

ती कादंबरी सगळ्यांत जास्त चालली. शालूला शेतातून मागं येताना माहेरच्यांनी तेव्हा पाहिलं होतं, कारण तेवढं ठाऊक नव्हतं. डोणगावकडच्या एका लग्नात त्या कादंबरीचा विषय काढून शालूबाईच्या भावजयीनं हसत हसत सगळ्यांदेखत विचारलं, "ही आपली शालूच ना?" तिथं शालूबाईचे मालक भगवानराव बसले होते. ते भांडले नाहीत. पण तेव्हापासून शालूबाई घराबाहेर निघाली की ते पाठीमागून म्हणतात, "फाट्यावरच उतरजो."

शालूबाई आली ती दाराशीच थांबली. "समता, मी तुले ब्लाऊजचं माप देल्लं होतं."

"नाव तर बदललं होतं वं मी."

"नाव बदललं. मह्यं चालणं नाही बदललं."

एवढंच बोलून ती गेली. समतानं कादंबरी अ‍ॅपवरून काढली, उरलेल्या प्रती पोत्यात बांधल्या. घरोघर गेलेल्या प्रती कशा परत येणार? सकाळच्या वंदनेत खोटं न बोलण्याचं, वाणीचं शील आलं की तिचा आवाज अडखळू लागला.

"खोटं तर मी काहीच लिहिलं नाही," ती संघपालला म्हणाली.

"खरंच होतं," तो हळूच म्हणाला. "पण तुह्यं नव्हतं."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना फडक्यानं पुसत जा, तेवढ्यानंही आम्ही टिकतो. पण कुणी विश्वासानं तुमच्यापाशी काही ठेवलं, तर त्याला त्याहून जास्त जपा. गंजलेली सुई बदलता येते.

आता शालूबाईच्या लेकीचं, काजलचं लग्न ठरलंय. गल्लीत पत्रिका वाटल्या, आमच्या घरी आली नाही. काजल पाळण्यात असताना समतानं शालूबाईला शब्द दिला होता, की हिच्या लग्नाचं ब्लाऊज मी शिवीन.

"ते लोक लोणारले शिवाले टाकतीन," संघपाल म्हणाला. "तुले बलावलं कोणं?"

"कोणीच नाही बलावलं. शब्द मह्या हाये."

आज सकाळी तिनं लॅपटॉप उचलून खाटेवर ठेवला. फळी काढली, मला वर घेतलं. पट्टा ढिला पडला होता, तो ओढून बसवला. नवी सुई लावली आणि चिंधीवर एक टीप मारून पाहिली. माझा आवाज जरा घोगरा निघाला, पण निघाला.

मग तिनं टेप गळ्यात टाकला, पदर नीट केला आणि कुणाला काही न सांगता ती शालूबाईच्या गल्लीकडे चालू लागली. दार उघडेल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. खिडकीतून मला वळणापर्यंत तिची पाठ दिसत राहिली.