खिंडीतलं फाटक

आल्बान माझा सख्खा दीर. माझ्या नवऱ्याला, रुपर्टला, मातीआड करून आम्ही जेवायला बसलो तेव्हा म्हणाला, "वहिनी, काही लागलं तर हक्काने हाक मारा." आणि पुढच्याच हिवाळ्यात त्याने नव्या डोंगरवाटांचा नकाशा काढला. दिवसभर चालायचं, संध्याकाळी एखाद्या मुक्कामघरात जेवण आणि बिछाना, सकाळी पुन्हा पुढे. रुपर्टने जन्मभर राबून उभं केलेलं आमचं मुक्कामघर त्यात नव्हतं. खिंडीपलीकडचं आल्बानचं स्वतःचं नवं घर मात्र होतं, काचेच्या भिंतींचं.

म्हणजे आता चढून येणारा माणूस माझ्या दारावरून जाणारच नव्हता. घर बंद पडायला किती वेळ लागतो? विचारायला खाली गावात त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "तुमच्याकडे अजून सगळ्यांच्या गाद्या एकाच माडीवर अंथरतात हो. आता लोकांना वेगळी खोली लागते. मनाला लावून घेऊ नका."

मी लावून घेतलं. चांगलं घट्ट लावून घेतलं.

आल्प्समधल्या आमच्या तिरोलच्या या खोऱ्यात कुरणातून वाट मागायची तर कागद करत नाहीत. मागणारा मालकाच्या टेबलाशी येऊन बसतो, वाळवलेलं डुकराचं मांस खातो, श्नाप्सचा, आमच्या कडक दारूचा, पेला रिकामा करतो आणि हात मिळवतो. हात देणारा मेला की शब्दही संपला. वारसाकडे पुन्हा येऊन बसायचं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आल्बान खोऱ्यातल्या प्रत्येक टेबलाशी बसला. खिंडीचं कुरण आता माझं, पण माझ्याकडे यायला त्याला तोंड कुठे होतं? भावाने कधीकाळी दिलेल्या हातावरच त्याने वाट आखली आणि माझ्या दगडांवर वाटेच्या खुणेचे लाल-पांढरे पट्टे मारले. मी पाहिलं आणि ब्र काढला नाही. म्हटलं, रंग चांगला वाळू दे.

उद्घाटनाच्या सकाळी मी वासरांसकट गाई खिंडीत सोडल्या, वासरं जवळ असली की परक्याला शिंगावर घेणाऱ्या, फाटकाला साखळी घातली आणि आतल्या बाजूला स्टूल टाकून बसले. बँड वाजवत मंडळी वर आली. पुढे आल्बान, टोपीत पीस खोवून.

"वहिनी, फाटक उघडा. लोक बघतायत."

"बघू देत की. म्हणून तर आजच बसलेय."

"रुपर्टने हात दिला होता मला!"

"मग जा, त्यालाच उघडायला सांग."

मागे कोणीतरी फसकन हसलं. दुसरी वाट नव्हती. एकीकडे कडा, दुसरीकडे हिमनदी. बँड मुकाट्याने खाली उतरला. इतकं गोड मी कित्येक वर्षांत काही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तो एकटा आला, टेबलाशी बसला. मी मांस कापून ठेवलं, पेला भरला. रीत ती रीत.

"चुकलो, वहिनी. नकाशा बदलतो. खिंडीअलीकडचा मुक्काम तुमच्याकडे. पाट्यासुद्धा मी स्वतः लावतो."

मला हेच हवं होतं. रुपर्टलाही हेच हवं असतं. त्याने पेला रिकामा केला आणि हात पुढे केला. मी त्या हाताकडे पोटभर पाहिलं, मग त्याच्यापुढचं ताट आणि पेला उचलून धुवायला नेला.

"अहो, घर बुडेल तुमचं!"

"बुडू दे. तुझं बुडताना बघितलं की मी भरून पावले."

तो गेल्यावर मी रडले, खोटं कशाला बोलू. रुपर्टच्या घरासाठी रडले. आणि सकाळी उठून साखळीला आणखी एक कुलूप लावून आले.