चाळीस अंशांचे ठिपके

मार्गदर्शक खुशालराव ठोंबरे सरांनी नगमाचा प्रबंध टेबलावर असा आपटला, की कपातला चहा बशीत आला. "आलेखातून हे चाळीस अंशांचे ठिपके काढून टाक. मंग सही."

सही आजच हवी होती. उद्या नगमाची पीएच.डी.ची नोंदणी संपत होती. पाच वर्षं दर्यापूरहून एसटीनं अमरावतीला येऊन केलेलं सगळं पाण्यात जाणार होतं.

भांडण कपाशीवरच्या बोंडअळीवरून होतं. किती उष्णतेत अळी किती झपाट्यानं वाढते, हे सरांनी वीस वर्षांपूर्वी मोजलं आणि आलेखावर सरळ रेघ ओढून दिली. जितकं ऊन जास्त, तितकी वाढ जास्त. त्या रेघेला सरांचं नाव होतं आणि गावोगावच्या फवारणीची तारीख तिच्यावरूनच निघायची. नगमाच्या अळ्या मात्र बत्तीस अंशांपर्यंत भराभर वाढल्या, मग रेंगाळल्या आणि चाळिसाला मेल्या. तिनं संगणकावर सात समीकरणं बसवून पाहिली. प्रत्येकात रेघ चढून खाली वळली. शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण सरांना कळून घ्यायचंच नव्हतं.

"तू मले शिकवून राहिली का? माह्या अळ्या चाळिसाले जगल्या. तुह्याच काहून मरून राहिल्या?"

नगमाचं डोकं भणभणत होतं. तरी सहीपायी तिनं सरांसाठी एक पळवाट शोधून आणली होती. अडगळीत तिला त्यांची अळ्या वाढवायची जुनी पेटी सापडली होती. लाकडी, बल्बनं तापवायची. वरच्या फळीवर पाण्याचे ओघळ होते आणि गोणपाटाचे धागे चिकटले होते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात माणूस दिसेल त्या वस्तूवर ओलं पोतं टाकतो.

"सर, तुमी तापमान सकाळीच लिहून घेत होते. तवाही शिपाई पुंजारामभाऊच होते. दुपारी त्यांनी पेटीवर ओलं पोतं टाकलं असन. आत चाळीस राहिलंच नसन. यात तुमचा काय दोष?"

सरांनी पेन उघडलं. "असन. शिपायाची चूक. तसंच लिव."

पुंजाराम कप न्यायला आला होता. त्याच्या पेन्शनीला दोन महिने उरले होते. तो दारातच थांबला. "माही चूक कशी, साहेब? पयल्याच दिवशी अळ्या मेल्या, तवा तुमीच म्हणाले, पोतं टाक अन् कोनाले सांगू नोको."

आपण या म्हाताऱ्याचं नाव किती सहज पुढे केलं, याची नगमाला लाज वाटली.

सरांनी कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "शिपाई खोटं बोलून राहिला, असं लिहून दे. आत्ता सही करतो."

नगमानं कागद ओढून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते संतापाचं होतं.

"लिहून देते, सर," ती म्हणाली. "पुंजारामभाऊ, तुमी परत सांगा. सावकाश सांगा."