लुगड्याचा ओला काठ

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, ते हिरवं लुगडं मी अजून जपून ठेवलंय.

सत्त्याण्णव साली त्यांचा गुडघा बदलला. उल्हासनगरच्या दवाखान्यात दिवसा मीच बसायचे. माझी वर्षभराची लेक मनू बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या शेजारणीकडे. जीव तिकडे, डोळे इकडे.

आईंच्या पाठीत बारीक नळी ठेवली होती. दुखलं की सिस्टरला सांगायचं. नळीतून बधिर करणारं औषध जायचं. पाय शांत असेतोवर व्यायाम. "नळी तीनच दिवस. तोवर गुडघा वाकला नाही तर आखडेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्या सोनिवलीच्या घराला पाच पायऱ्या. आईंना त्या उतरून वालाच्या मळ्यात जायचं होतं.

शेजारच्या खाटेवरच्या सिंधी मावशी सारख्या ओरडायच्या, "सिस्टर, दवा डालो ना!"

"काय नाटकी बाय गो!" आई मला खुणावून पुटपुटायच्या.

"आजी, दुखतंय का?" सिस्टर विचारायची.

"नाय गो बाय, काय नाय."

सिस्टर पुढे जायची. व्यायामाच्या वेळी पाय लाकडासारखा ताठ. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, आईंच्या उशाशी असलेलं हिरवं लुगडं झटकताना हाताला काठ ओला लागला. चावून चावून चोथा झालेला. मनूच्या वेळी कळा सुरू झाल्या आणि मी किंचाळले, तेव्हा त्यांनी याच काठाचा बोळा माझ्या तोंडात दिला होता. "चाव. आपल्यात बाया वरडत नाय." त्यांनी स्वतः चार बाळंतपणं अशीच काढलेली. काठाला चुलीच्या धुराचा वास होता. मला राग आला होता, पण त्या वासानं धीरही आला होता.

मी तडक सिस्टरकडे गेले. "त्यांना दुखतंय. औषध द्या."

"चुगलखोर!" आई फणकारल्या.

औषध गेलं. अर्ध्या तासाने टाच गादीवरून सरकत सरकत मागे आली, गुडघा वर उठला. परक्याच्या पायाकडे बघावं तशा आई बघत राहिल्या.

"वेणू, मनूच्या टायमाला असं औषध व्हतं का गो?"

"कुठेतरी असेल, आई."

आईंनी लुगड्याचा काठ चाचपला. मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "बाय, तूच शानी."

दुपारी सिस्टर आली. "आजी, दुखतंय?"

आईंनी लुगडं माझ्या हातात दिलं.

"दुखतं म्हंजे काय! कवाधरनं दुखतंय!"