उजेडासाठी उभी केलेली

दादा दार न वाजवताच आत शिरला, मागोमाग वहिनी. त्याची धाकटी बहीण टेबलावर वाकून फिल्मचा शेवटचा तुकडा चिकटवत होती. तिनं मानही वर केली नाही.

"माझ्या कचऱ्यातून चोरलंस हे सगळं," दादा म्हणाला.

"फेकलं होतंस ना? मग आता कसली रे मालकी?"

दादानं जन्मभर जाहिरातींच्या फिल्म काढल्या. कामाचं तेवढं कंपन्यांना जायचं, उरलेले तुकडे पोत्यात. धाकटी चार वर्षं ती पोती उपसत होती. त्या तुकड्यांची तिनं जोडलेली पहिलीवहिली फिल्म उद्या लोकांपुढे लागणार होती. प्रत एकच, आणि दादा ती थांबवायला आला होता.

"दाखव तरी, काय दिवे लावलेत ते."

तिनं प्रोजेक्टर चालू केला. नटी यायच्या आधी उजेड बघायला दादा बायकोला उभं करायचा. फुकटचं माणूस, हाकेसरशी हजर! भिंतीवर आता तीच दिसू लागली. साबणाच्या टबाशी, परक्या सोफ्यावर, नव्या फ्रीजपुढे. कुठं पंचविशीतली, कुठं केस पिकलेली. दर वेळी कडेनं दादाचा हात यायचा आणि तिची हनुवटी झटक्यानं वर करायचा. एकदा तर त्यानं सरळ टप्पल मारली.

दादाचा चेहरा पडला. मग तो उसळला. "घरची लक्तरं वेशीवर टांगतेस?"

"लक्तरं तुझी. मी वहिनीच्या बाजूनं बोलतेय."

हे वाक्य धाकटीनं कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. म्हणताना तिला फार बरं वाटलं.

वहिनीनं पुढे होऊन प्रोजेक्टर बंद केला, रीळ काढलं आणि काखेत मारलं.

"अगं वहिनी, एकच प्रत आहे ती!"

"बघितलंस?" दादा खूश झाला. "शेवटी बायको कुणाची..."

"तुम्ही गप्प बसा. तोंडाला हात घालताना कधी विचारलं नाहीत." वहिनी नणंदेकडे वळली. "आणि तू गं? चार वर्षं माझंच तोंड कापत-चिकटवत बसलीस. दर रविवारी माझ्या हातचं जेवून गेलीस. एकदा तरी विचारलंस?"

धाकटीनं रिळासाठी हात पुढे केला. वहिनीनं ते आणखी घट्ट धरलं.

"मी एकटी बसून बघेन. मग दाखवायची की जाळायची, ते ठरवेन."

ती जिना उतरू लागली. दादानं हाक मारली, धाकटीनंही मारली. ती थांबली नाही.