प्रेशरची नळी

त्या शनिवारी आमच्या घरातलं वायफाय इतकं दमलं होतं की हॉलमधून निघालेला सिग्नल मागच्या खोलीत पोचेपर्यंत दोनदा बसून घ्यायचा. मी स्वतः पाहिलंय. बाथरूमपाशी तो टेकायचा, दम खायचा आणि कधीकधी तिथूनच माघारी फिरायचा.

मागच्या खोलीत नात राहते. एकोणीस वर्षांची. ऑनलाइन खेळातलं तिचं नाव ठिणगी, तेच मग घरातही पडलं. पाच जणींची टीम आहे. बंदुका, बर्फाचे डोंगर, किल्ले असलं काहीतरी खेळतात. रविवारी संध्याकाळी पाचला त्यांचा मोठा सामना होता. आधीच्या दोन सामन्यांत ठिणगी ऐन धुमश्चक्रीत गायब झाली होती. म्हणजे ती इथे खुर्चीतच होती, पण तिकडे तिचा सैनिक भिंतीकडे तोंड करून पुतळा झाला. टीमच्या कप्तान मुलीने सांगून टाकलं होतं, तिसऱ्यांदा असं झालं तर तुझ्या जागी दुसरी.

तेव्हापासून घरात कोणाचा पाय ठरत नव्हता. ठिणगी तिच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती, मी हॉलमध्ये, आणि आमची ही स्वयंपाकघरात ओट्याचा तोच कोपरा चौथ्यांदा पुसत होती.

"आजोबा, तुम्ही बसा ना. तुमच्याकडे बघून मला जास्तच होतंय."

"तू आधी बस."

"मला बसवत नाहीये."

"मग मला कसं बसवेल?"

मी चाळीस वर्षं प्लंबिंग केलं. एकदा चौदाव्या मजल्यावर पाणी चढेना, तर खाली टाकीपाशी जाऊन पाण्याला चार गोष्टी ऐकवल्या. ते मुकाट्याने जिना चढून आलं. असा मी, एका डबीपुढे हार मानणार होतो थोडाच? पायात चपला सरकवल्या आणि ठिणगीला घेऊन दुकान गाठलं.

दुकानदाराने थेट आठ अँटेनांचा राउटर काढला. उताणा पडलेला खेकडा दिसावा तसा. वर लाल दिवे.

"गेमिंगचा आहे," तो म्हणाला. "घर केवढं?"

"दोन खोल्या, हॉल."

"भिंती?"

"आहेत," मी म्हणालो.

सगळा घोळ त्या उत्तरात होता. पण मी शिंगं मोजण्यात गुंग होतो आणि ठिणगी घड्याळ बघण्यात.

घरी आणून जोडला. जुना तासाभरात तापून बंद पडायचा, हा निदान थंड राहिला. हॉलमध्ये ठिणगीच्या लॅपटॉपवर आकडा आला अठरा. ती जवळजवळ हसली. मागच्या खोलीत गेलो, तर आकडा तीनशे, मग चाळीस, मग दोनशे ऐंशी.

"हे काय मोजतंय?" मी विचारलं.

"पिंग. मी गोळी झाडली ही खबर तिकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते. कमी हवा. आणि मुख्य म्हणजे असा उड्या मारणारा नको."

"पण स्पीडचा प्लॅन मोठा आहे ना आपला?"

"स्पीड वेगळा, आजोबा."

हे मला झटकन कळलं. नळी कितीही जाड घाला, गरम पाण्याचा नळ सोडल्यावर पहिलं गरम पाणी यायला वेळ लागायचा तो लागतोच. जाडी वेगळी आणि वाट वेगळी. आणि वाटेत काय आहे, हेही तेव्हाच लक्षात आलं. मधली बाथरूमची भिंत. तिच्यात अकरा लोखंडी नळ्या आणि वर गरम पाण्याची टाकी. सगळं मीच बसवलेलं. त्या भिंतीतून सिग्नल जाणं सोडा, भुतालाही वळसा घालावा लागला असता.

रविवारी दुकान उघडायच्या आधी आम्ही शटरसमोर उभे. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि खेकडा परत घेतला.

"लोखंड आणि पाणी म्हटल्यावर शिंगं आठ काय न् ऐंशी काय. हा दोन अँटेनांचा साधा घ्या. घरात कोणी सिनेमा बघत असलं तरी खेळाला आधी वाट द्यायची सोय याच्यात आहे. पण तिच्या टेबलापर्यंत वायर न्या."

"आणि बाकीचं घर?"

"ते राहू दे वायफायवर. तुम्ही कुठे गोळ्या झाडताय?"

साधा राउटर आणि वायर आणली खरी, पण वायर न्यायची कुठून? दारातून नेली तर दोन्ही दारं लागेनात, आणि आमची ही पहिल्याच फेरीत तिच्यात अडखळली. भिंतीला ड्रिल लावायचं तर अकरा नळ्यांपैकी कुठली फुटेल याचा नेम नाही. बारा वाजले, एक वाजला. ठिणगी नखं खात होती. कप्तानचा मेसेज आला: तीनपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरीला बसवते.

आणि मला पिशवी दिसली.

ठिणगीच्या टेबलाच्या वर भिंतीतून वीतभर नळी बाहेर आलेली आहे. आमची ही तिला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी अडकवते. एकतीस वर्षांपूर्वी मी त्या खोलीत बेसिन लावायला निघालो होतो. हिने नको म्हटलं. तोवर नळी घालून झाली होती आणि चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती. म्हणून सांगितलं, ही प्रेशरची नळी आहे, हिला हात लावला तर अख्ख्या घराचं प्रेशर जाईल. दुसरं तोंड हॉलमध्ये होतं, त्यावर कॅलेंडर टांगलं. तेव्हापासून दर वर्षी नवं कॅलेंडर मीच आणतो आणि मीच टांगतो.

म्हणजे वायरला वाट तयार होती. फक्त एकतीस वर्षांची थाप मोडायची होती. मी हॉलमध्ये दोन चकरा मारल्या, पाणी प्यायलो, आणखी एक चक्कर मारली.

"अगं, ती प्रेशरची नळी..."

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"ठिणगीचा बाप शाळेत होता तेव्हाच फुंकर मारून पाहिली. तिकडे हॉलमध्ये कॅलेंडर हललं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, माणूस दर वर्षी न चुकता कॅलेंडर आणतोय, तर कशाला मोडता घाला. आता बोलत बसू नका, दोन वाजलेत."

स्पंजचा तुकडा दोऱ्याला बांधून मी हॉलच्या तोंडात सारला. मागच्या खोलीत हिने व्हॅक्युम क्लीनरचं तोंड नळीला लावलं. दोरा सरसर आत गेला आणि वळणावर अडकला. मी ओढला, सोडला, शिव्या घातल्या. ठिणगी दोन खोल्यांमध्ये निरोप पोचवत धावत होती. तिची स्वतःची पिंग तेव्हा फार चांगली होती. शेवटी भांड्यांचा साबण नळीत ओतला, आणि स्पंज फेसासकट हिच्या पुढ्यात पडला. मागून दोऱ्याला बांधलेली वायर आली. दोन पन्नासला आकडा दिसला, अठरा. आम्ही तिघं पाच मिनिटं त्याच्याकडे टक लावून होतो. हलला नाही. ठिणगीने कप्तानला कळवलं: मीच खेळणार.

पाचला सामना सुरू झाला. मी दाराबाहेर उभा, ही माझ्यामागे. चाळीस मिनिटांनी ठिणगीने हेडफोन काढला.

"हरलो."

"मग वायर कुठे तरी सैल..." मी पुढे झालो.

"वायर ठीक आहे, आजोबा. शेवटपर्यंत अठरा. मी हरले, नेट नाही हरलं." ती खुर्चीत मागे रेलली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "कप्तान म्हणाली, पुढच्या वेळीही हीच टीम."

मीही बसलो. आमची ही मात्र उभीच होती, हातात चिमट्यांची पिशवी घेऊन, वायरने भरलेल्या नळीकडे बघत.

"तो आठ शिंगांचा परत कशाला दिलात?" ती म्हणाली. "पिशव्या अडकवायला बरा होता."