स्टेशनचा सीन

सुलेखाने कॅसेट मशीनमध्ये सरकवली आणि वरून मुठीने हलकेच एक ठोसा दिला. त्याशिवाय ते मशीन चालायचंच नाही.

"लागली?" सोफ्यावरून ओडिलने विचारलं.

"लागतेय, मावशी."

शेजारच्या या ऐंशीला टेकलेल्या फ्रेंच बाईला सुलेखा मावशी म्हणायची; अर्थ कळल्यापासून ओडिललाही ते आवडायचं. पॅरिसमध्ये तिने तीन सिनेमे केले होते. तिसऱ्यात खरी भूमिका मिळाली, स्टेशनवरच्या निरोपाचा चार मिनिटांचा मोठा सीन. पण तो सिनेमा लागायच्या आत ती अमेरिकन नवऱ्याबरोबर इकडे अमेरिकेत, एडिसनला आली आणि पदरी पडलं ते पवित्र मानून राहिली. पुढे बहिणीने टीव्हीवरून तो टेप करून पाठवला, तर फ्रान्सची कॅसेट इथल्या मशीनवर चालेना. पडद्यावर नुसत्या मुंग्या. वीस वर्षं कॅसेट कपाटात पडून होती. आता २००४ साल, नवरा गेलेला, आणि तिच्या डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळायचा.

सुलेखाकडे मात्र ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून घेतलेलं, सगळ्या देशांच्या कॅसेट चालवणारं मशीन होतं. लग्नाची कॅसेट बघायला हवं, असं तिने नवऱ्याला, हेमचंद्रला सांगितलं होतं. खरं तर तिला पुण्यातल्या आपल्या शेवटच्या नाटकाची कॅसेट बघायची होती. डिपेंडंट व्हिसावर येऊन सहा वर्षं झाली. नोकरीला परवानगी नाही आणि नाटकाचं कुणी विचारत नाही.

"अगं, गणपतीच्या प्रोग्रॅमचं अँकरिंग कर ना," हेमचंद्र म्हणायचा. तिला त्याचा भयंकर राग यायचा.

चित्र आलं. काळंपांढरं, अगदी स्वच्छ.

"आता स्टेशन येईल," तासाभराने ओडिल म्हणाली आणि तिने केस सारखे केले.

इंजिनाची शिट्टी झाली. ओडिलचा तरुणपणीचा फोटो हातात धरून सुलेखा पडद्याजवळ सरकली. नायक डब्यात चढला, गाडी हलली. गर्दीत मागे फोटोतली मुलगी क्षणभर दिसली. तिने बोलायला तोंड उघडलं आणि दृश्य बदललं. नायक दुसऱ्याच बाईबरोबर कॉफी पीत होता.

"दिसले मी?"

सुलेखाने हातातला फोटो पालथा ठेवला.

"दिसताय ना," ती म्हणाली. "डोक्यावर हॅट आहे. गाडीबरोबर चालताय. आता हातमोजा काढलात. खिडकीतून त्याचा हात बाहेर आलाय, पण तुमच्या हाती लागत नाहीये. तुम्ही थांबलात. रडत नाही आहात, मावशी. नुसत्या बघताय."

तिचा आवाज आपोआप शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा लागला होता.

सिनेमा संपला. सुलेखाने टीव्ही बंद केला.

"माझं तिथे मोठं बोलणं होतं," ओडिल म्हणाली. "डोळे गेलेत, कान नाही. कापलं त्यांनी ते."

ज्या चार मिनिटांच्या भरवशावर ही बाई पन्नासेक वर्षं जगली, ती मिनिटं नव्हतीच. ओडिलने मांडीवर हात ठेवले. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता.

"पण तू काम छान केलंस," शेवटी ती म्हणाली.

सहा वर्षांत सुलेखाला हे कुणी म्हटलं नव्हतं. तिला रडू आवरेना.

"कॅसेट रिवाइंड कर," ओडिल म्हणाली. "स्टेशनपासून. आणि या वेळी हातमोजा जरा सावकाश काढ."