आकडा सांगणारा नारळ

रविवार उजाडला की मारेगावच्या बंद पडलेल्या जिनिंगात पाय ठेवायला जागा नसायची. जिथं एकेकाळी कापसाच्या गाड्या रिकाम्या व्हायच्या, तिथं आता माणसं रिकामी व्हायला येत होती. बीएडवाले, लॉवाले, एमएस्सीवाले, सोबत त्यांचे मायबाप. प्रत्येकाच्या हातात एक नारळ आणि नारळाला लाल धाग्यानं बांधलेली प्रवेशपत्राची झेरॉक्स. यातल्या निम्म्या पोरांनी पुस्तक कधी एवढ्या जपून धरलं नसेल.

समोर स्टेजवर निकाल महाराज. खरं नाव कोणाला माहीत नाही. आधी ते वणीकडं बोअरची जागा दाखवायचे. तळहातावर नारळ उभा राहिला की इथं खोदा. बऱ्याच शेतांत धूळ निघाली. मग महाराजांनी नारळ तोच ठेवला आणि धंदा बदलला. पाण्यापेक्षा मार्क बरे, ते थोडे का होईना निघतातच.

पद्धत अशी. एका रविवारी नारळ द्यायचा. तो आठवडाभर महाराजांच्या गादीखाली तपश्चर्या करणार. पुढच्या रविवारी महाराज तो कपाळाला लावणार आणि प्रवेश परीक्षेत किती मार्क पडले ते निकालाच्या आधीच सांगणार. आणि खरी पंचाईत इथंच होती, कारण आकडा बरोबर यायचा. मागच्या वर्षी सात पोरांचे आकडे निकालाच्या पंधरा दिवस आधी सांगितले होते. सातही तंतोतंत. त्यामुळं ज्यांना हसू यायचं तेसुद्धा तोंडावर हात ठेवून हसायचे.

त्या दिवशी पहिला नंबर खुशीचा लागला. महाराजांनी डोळे मिटले, मान गोल फिरवली.

"बेटी, सेक्शन बी में राहू बैठा था," महाराज माइकवर म्हणाले, "पर शुक्र ने निगेटिव्ह मार्किंग संभाल ली. एक सौ तिरासी."

टाळ्या. खुशीच्या मायनं तिथंच डोकं टेकवलं. राहूला सेक्शन बी मध्ये काय काम होतं, हे कोणी विचारलं नाही.

दुसरा नंबर दिपालीचा. दिपाली बीएस्सी केमिस्ट्रीची, मारेगावच्याच कॉलेजातली, खुशीच्या बाकावर बसणारी. तिला इथं यायचंच नव्हतं. पण बाप, बबनराव, म्हणाला होता की महाराज हो म्हणतील तर एमएस्सीला हैदराबादला काय, अजून पुढं जा. म्हणून ती आली होती. मागच्या रविवारी नारळही बबनरावांनीच नेऊन दिला होता.

महाराजांनी नारळ कपाळाला लावला. मग कानाला लावला. मग परत कपाळाला. स्टेजच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या सुनील नावाच्या सेवेकऱ्याकडं एकदा पाहिलं. सुनीलनं नाही अशी मान हलवली. महाराजांनी लांब उसासा सोडला. या मुलीच्या भाग्यावर पडदा आहे, म्हणाले. काहीच दिसत नाही. ज्याचं दिसत नाही त्याचा योग नाही. घरापासून दूर पाठवू नका, अनर्थ होईल.

घरी येईपर्यंत बबनरावांनी गाडी कुठंच थांबवली नाही. अंगणात गाडी लावली आणि सांगून टाकलं की आता एमएस्सीचा विषय बंद. विद्यापीठाच्या नोंदणीला आठ दिवस उरले होते. ती परीक्षेपेक्षा वेगळी करावी लागते, निकालाची वाट पाहत बसलं तर जागा जाते, हे दिपालीनं त्यांना महिनाभर समजावलं होतं. आता दाखले पेटीत आणि पेटीला कुलूप.

"बाबा, मले दोनशे बारा पडून राह्यले," ती म्हणाली. "मी मोजले."

"महाराजाले दिसत नाही अन् तुले दिसते?"

"मले मोबाइलवर दिसते."

"मोबाइलवर काहीबी दिसते."

पंधरा दिवसांपूर्वी तिच्या मोबाइलवर परीक्षावाल्यांचा मेसेज आला होता. आपली सोडवलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरांची यादी वेबसाइटवर टाकली आहे, पाहून घ्या. दिपालीनं पाहिलं, जुळवलं, बेरीज केली. त्याला ना राहू लागला ना शुक्र.

दुपारी खुशी आली. खरं तर समजूत काढायला, पण चेहऱ्यावरचे एकशे त्र्याऐंशी लपत नव्हते. दिपालीनं तिला सहज विचारलं की तू तो मेसेज पाहून मोजले होते तेव्हा किती आले होते. खुशी म्हणाली, कोणता मेसेज.

"काहून, तुले नाही आला?"

"मले कायले येईन? फॉर्मवर नंबर सुनीलभाऊचा आहे."

दिपालीनं तिला फॉर्मची प्रिंट आणि प्रवेशपत्र आणायला घरी पिटाळलं.

झालं होतं असं की अख्ख्या कॉलेजचे फॉर्म बसस्टँडसमोर सुनीलच्या ऑनलाइन सेंटरवर भरले जायचे. सुनील माणूस मोठा सोयीचा. मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही सगळ्यांना एकच, त्याच्या स्वतःच्या नावाचा. तुम्ही कायले डोक्शाले ताप देता, अभ्यास करा, असं तो म्हणायचा. आणि आपली पोरंही अशी की तीन वर्षं शिकून पदवी घेतील, पण आपल्या फॉर्मचा पासवर्ड विचारायला लाजतील. दिपालीच्या वेळी वेबसाइटनं सुनीलचा नंबर घेतला नाही, एका नंबरवर फार फॉर्म झाले म्हणाली. म्हणून तिचा स्वतःचा टाकावा लागला. घरी येऊन तिनं पासवर्डही बदलला होता.

खुशीच्या फॉर्मच्या प्रिंटवर सुनीलनं पेननं पासवर्ड लिहून ठेवला होता. अर्जाचा नंबर प्रवेशपत्रावर होताच. दिपालीनं दोन्ही आपल्या मोबाइलवर टाकले. उत्तरं उघडली. दोघींनी मिळून मोजली. एकशे त्र्याऐंशी.

खुशीनं बेरीज परत एकदा करून पाहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे गुरूची दृष्टी?"

"गुरूपाशी लॉगिन आहे."

नारळाला प्रवेशपत्र कशासाठी बांधायचं, आठवडाभर गादीखाली कशासाठी ठेवायचं, सगळं सरळ झालं. तपश्चर्या नारळाची नव्हती, बेरजेची होती. आणि महाराजांना दिपालीचं भाग्य दिसलं नाही, कारण तिचा पासवर्ड चुकत होता.

खुशीचं म्हणणं पडलं की आत्ताच जाऊन बाबांना सांगू. दिपालीला बाप माहीत होता. बबनराव काही भोळा माणूस नव्हता. खेडा खरेदीला कापसाचा व्यापारी दारात आला की ते आधी युरियाचं न फोडलेलं पोतं त्याच्या काट्यावर ठेवायचे. पोत्यावर पंचेचाळीस किलो छापलेलं असतं. काट्यानं पंचेचाळीस दाखवले तर कापूस, नाहीतर चहा घ्या आणि निघा. एवढा पक्का माणूस महाराजांपुढं मात्र पोतं न ठेवताच बसला होता.

दिपाली त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, व्यापाऱ्याचा काटा तुम्ही तपासता. मंग महाराजाचा कायले नाही तपासत?"

"देवाचा काटा तपासत नाहीत."

"देवाचा असन तं उतरणच ना बरोबर. तपासल्यानं देव हलका होते का?"

बबनरावांनी तंबाखूची पुडी काढली, पण उठून गेले नाहीत. तिनं सांगितलं की आज तिच्या वर्गातल्या चौघांनी नारळ ठेवले आहेत. कपिल, नयन, गौरी आणि सलील. पुढच्या रविवारी त्यांचे आकडे निघणार. त्यातल्या कोणाचा किती आकडा निघेल आणि कोणावर पडदा पडेल, हे मी आजच लिहून देते. कागद तुमच्या खिशात. मी बरोबर निघाली तर दाखले द्या.

"अन् चुकली तं?"

"तं एमएस्सीचं नाव नाही काढत."

बोलली ती बोलली. त्याच संध्याकाळी चौघांना गाठलं. चौघंच कशाला, दोघं पुरे, असं कपिल म्हणत होता. दिपाली म्हणाली की ज्यांच्यात बदल केला ते दोन आणि ज्यांच्यात नाही केला तेही दोन पाहिजेत, नाहीतर लोक म्हणतील योगायोग. गौरी आणि सलीलनं आपले पासवर्ड बदलले. कपिल आणि नयननं सुनीलवर श्रद्धा कायम ठेवली. फक्त उत्तरं दिपालीसमोर मोजली. कागद घडी होऊन बबनरावांच्या शर्टाच्या खिशात गेला, तंबाखूच्या पुडीशेजारी. तिच्यासमोर त्यांनी तो उघडला नाही. घडी मात्र आठवडाभरात मळली.

पुढचा रविवार. नोंदणीची शेवटची तारीख सोमवार.

महाराज त्या दिवशी रंगात होते. नॉर्मलायझेशन म्हणजे काय हे त्यांनी अर्धा तास समजावलं, त्यात चंद्र तीन वेळा आला. मग कपिलचा नारळ कपाळाला लागला. एक सौ इकतालीस. नयनचा लागला. एक सौ छब्बीस. टाळ्यांवर टाळ्या. दिपाली टाळ्यांकडं पाहत नव्हती, बापाच्या खिशाकडं पाहत होती.

गौरीचा नारळ कपाळावर गेला आणि तिथंच राहिला. सुनीलनं कोपऱ्यातून मान हलवली. महाराज म्हणाले, पडदा. सलीलचा नारळ. महाराज जरा चिडल्यासारखे म्हणाले, इथंही पडदा. आज आकाशात ढग आहेत. बाहेर मे महिन्याचं ऊन असं होतं की टिनाचं छत कडकड वाजत होतं.

बबनराव उठले. सावकाश स्टेजपाशी गेले, खिशातून कागद काढला, चष्मा लावला. सुनील माइक उचलायला धावला, पण तोवर माइक बबनरावांच्या हातात होता.

"हा कागद माह्या पोरीनं मागच्या रविवारी लिहून देल्ला," ते म्हणाले आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागले. "कपिल, एकशे एक्केचाळीस. नयन, एकशे सव्वीस. गौरी, पडदा. सलील, पडदा."

पहिल्या रांगेतल्यांनी आधी कागदाकडं पाहिलं, मग महाराजांकडं.

महाराज मोठे हुशार. एका क्षणात सावरले. हात जोडून म्हणाले की या कन्येत देवीचा वास आहे, माझी शक्ती तिच्यात उतरली. आणि लोक तरी काय, वळले की दिपालीकडं. धुरपताबाई नावाची एक म्हातारी नातवाचा नारळ घेऊन सगळ्यांत पुढं, तिनं सरळ दिपालीच्या पायावर डोकं ठेवलं. एक महाराज उघडा पडतोय तोवर लोकांनी दुसरी तयार केली होती. पाच मिनिटांचं काम.

दिपालीनं पाय मागं घेतले आणि म्हातारीला धरून उठवलं.

"आजी, माह्या अंगात काही नाही आलं. माह्या मोबाइलवर मेसेज आला."

मग तिनं माइक घेतला आणि सगळं सांगितलं. फॉर्म कोण भरतं, नंबर कोणाचा असतो, उत्तरं कधी येतात, बेरीज कशी करतात. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा तिनं गौरीला स्टेजवर बोलावलं. गौरीनं सगळ्यांसमोर स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचा पासवर्ड टाकला आणि पहिल्या रांगेतल्या चार बायाबापड्यांना उत्तरं मोजायला लावली. एकशे अठ्ठावन. महाराजांना न हलवता आलेला पडदा गौरीनं बोटानं सरकवला.

सुनील म्हणाला की तो तर फक्त सेवा करत होता. त्याच्या वहीत काय आहे ते खुशीनं ओढून पाहिलं. डाव्या बाजूला अर्जांचे नंबर, उजव्या बाजूला मार्क. दिपालीच्या, गौरीच्या आणि सलीलच्या नावापुढं एकच शेरा होता, उघडत नाही. महाराजांना तेवढ्यात ध्यानाची वेळ आठवली. ते मागच्या दारानं गेले, आणि जाताना ध्यानाला बसायची गादीही विसरले.

सगळे लोक लगेच शहाणे झाले असं समजू नका. अर्धे म्हणत होते की पोरीनं चांगल्या सत्संगाची वाट लावली. एक जण बबनरावांच्या अंगावरच आला.

"पण आकडे तं खरे निंगत होते ना, बबनराव?"

"निंगत होते ना जी," बबनराव म्हणाले. "पोट्ट्यायचेच होते ते. पोट्ट्यायनं रात्रंदिवस अभ्यास केला, पोट्ट्यायनं पेपर लिवला. यानं फक्त आपल्या आंधी पाहून घेतलं."

तो माणूस खाली बसला.

दिपालीनं मग लोकांना हात जोडले नाहीत, आशीर्वाद तर नाहीच नाही. ती एवढंच म्हणाली की फॉर्म कोणाकडूनही भरून घ्या, पण नंबर आपला टाका, पासवर्ड आपला ठेवा, आणि काय भरलं ते समजत नसेल तर समजेपर्यंत विचारा. विचारल्यानं कोणाचा अपमान होत नाही. जो माणूस तुमचा आकडा सांगतो पण तो कुठून आणला ते सांगत नाही, त्याला आधी तेच विचारा. खरा असेल तर सांगेल. खोटा असेल तर त्याची ध्यानाची वेळ होईल.

धुरपताबाईनं नातवाच्या नारळाचा धागा सोडला, झेरॉक्स घडी करून त्याच्या हातात दिली आणि मोबाइल काढ म्हणाली. नातू पासवर्ड आठवायला लागला. त्याच्या मागं रांग लागली, तीसेक पोरांची. या वेळी रांगेत मायबाप मागं होते आणि पोरं पुढं.

बबनरावांनी दिपालीला बाजूला घेतलं. सोमवारी नोंदणी किती वाजता बंद होते, ते विचारलं. ती म्हणाली, संध्याकाळी पाचला.

"मंग आजच करू," ते म्हणाले. "अन् मी बाजूले बसतो. तू काय काय भरून राह्यली ते मले सांगत जा."